पाट्या टाकायला लागलात का, ते आधी बघा

तुम्ही लिहिलंय की कंपनीत ४ वर्षं ३ महिने झाले, पगार ७ तारखेला होतो, साहेब त्रास देत नाहीत, तरी सकाळी उठून जावंसं वाटत नाही. पुण्यातले मित्र 'ये इकडे' म्हणून मागे लागलेत. मग नोकरी बदलायची वेळ आली हे ओळखायचं कसं?

मी २०१३ ते २०२२ सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला, म्हणजे बनलेले पार्ट मोजून तपासायला होतो, आता साताऱ्यात आहे. त्या नऊ वर्षांत दोनदा नोकरी सोडावीशी वाटली. पहिल्या वेळी सोडली असती तर चूक झाली असती. दुसऱ्या वेळी सोडली ते बरोबर झालं. दोन्ही वेळा वाटत होतं ते मात्र अगदी सारखंच, म्हणून दोन्ही सांगतो.

पहिली वेळ २०१९च्या पुरानंतरची. ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे काय झालं असेल ते सांगलीकराला सांगायला नको. आमच्या घरात कमरेइतकं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर सकाळी गाळ काढायचा, दुपारी दोनला सेकंड शिफ्टला जायचं, रात्री येऊन ओल आलेल्या भिंतीशेजारी झोपायचं. तेव्हा मला कामाचा इतका वीट आला होता की राजीनामा लिहून खिशात ठेवला होता. आई म्हणाली, "दिवाळीपर्यंत थांब, मग काय करायचं ते कर." दिवाळीपर्यंत घराला रंग लागला, झोप पुरी व्हायला लागली आणि तो कागद कुठं गेला ते मला आठवतसुद्धा नाही. थकवा घरातला होता, मी तो नोकरीच्या खात्यावर मांडत होतो. तुमच्याही घरी आजारपण, कर्ज, लहान मूल, असं काही चालू असेल तर आधी तेवढं बाजूला काढून बघा. त्या दिवसांत ठरवू नका.

दुसरी वेळ वेगळी होती. तेव्हा घरी सगळं ठीक होतं.

माझ्याकडे पंपाची बेअरिंग हाउसिंग तपासायला यायची. बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, ९० मिमी; कमीत कमी ९०.०००, जास्तीत जास्त ९०.०३५ चालायचं. म्हणजे खेळ सगळा ३५ मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). नवीन असताना आमच्या शॉपमधल्या एका जुन्या मामांनी मला शिकवलं होतं की मशीनवरून उतरलेलं हाउसिंग लगेच मोजायचं नाही. बीड (ओतीव लोखंड) १० अंश जरी गरम असलं, तरी या मापात सुमारे १० मायक्रॉन जास्त दाखवतं. गरम असताना पास केलेला तुकडा गार झाल्यावर लहान निघू शकतो. म्हणून तुकडा टेबलावर गार होऊ द्यायचा, तोवर पक्क्या मापाच्या मास्टर रिंगवर बोअर गेजचा (भोक मोजायच्या उपकरणाचा) झिरो लावायचा, मग दोन ठिकाणी आडवं-उभं मोजायचं. मला या कामाची फार गोडी होती. घरी जेवताना बायकोला सांगायचो, आज काय सापडलं, कुठलं टूल झिजलं होतं ते कसं ओळखलं.

२०२२च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी इन्स्पेक्शन रिपोर्ट भरत होतो. ९०.०१२, ९०.०१५, ९०.०१४, ९०.०१८, ९०.०१५. पाच आकडे लिहिले, खाली सही केली आणि गेज उचलायला हात पुढं केला, तर गेज पेटीत. झाकण लावलेलं. त्या शिफ्टला मी ते उघडलंच नव्हतं.

मला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. कामाचा लोडही नव्हता. त्याच मशीनवरचे तेच आकडे वर्षानुवर्षं लिहून हाताला पाठ झाले होते, एवढंच. मी ते पाचही तुकडे परत मोजले, पाचही मर्यादेत निघाले. त्यानं बरं वाटायला हवं होतं, पण उलट जास्त घाबरलो. कारण हे कुणाच्याही लक्षात आलं नसतं, आणि मी असं याआधी किती वेळा केलं असेल ते माझं मलाच सांगता येईना. नुसत्या पाट्या टाकणाऱ्या माणसांबद्दल मी पूर्वी फार तोंड वाजवायचो.

घरी सांगितलं तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "तुम्ही दोन वर्षं झाली, कामातलं काही सांगतच नाही." हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

म्हणून माझं मत असं आहे की मन लागत नाही, यावर ठरवू नका. मन दर सोमवारी लागत नाही. हाताकडे बघा. पूर्वी जे नीट करत होता, कुणी बघत नसताना सुद्धा करत होता, ते आता न करता केलंय असं दाखवता का? मोजल्याशिवाय लिहिता का, वाचल्याशिवाय पुढं पाठवता का, नवीन पोरानं काही विचारलं तर 'असंच करतात' म्हणून वाटेला लावता का? याचं उत्तर हो असेल, आणि ते चार-सहा महिने टिकून असेल, तर ती नोकरी तुमचं काम बिघडवतेय. पगार वेळेवर होत असला तरीही. आणि असा बिघडलेला हात घेऊन पुण्याला गेलात तर तिथंही तोच घेऊन बसाल, म्हणून फार उशीर करू नका.

पण सोडण्याआधी तिथंच एकदा मागून बघा. मी मॅनेजर साहेबांना म्हणालो, मला सीएमएमवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मोजमापाच्या मशीनवर) टाका, नाहीतर नवीन पार्टचं ड्रॉइंग बघायला द्या. ते चांगले माणूस होते. म्हणाले, "तू तिथं आहेस म्हणून मला काळजी नाही, बदल कशाला?" तीन महिन्यांनी परत विचारलं, तेच उत्तर. मग मी बाहेर बघायला लागलो. त्यांनी हो म्हटलं असतं तर आज कुपवाडलाच असतो, हे मनापासून सांगतो. साताऱ्यात पगार थोडा वाढला, तो खोलीच्या भाड्यात गेला. आई सांगलीतच आहे, दर पंधरा दिवसांनी एसटीनं कराडवरून जातो-येतो. पण सीएमएम शिकलो, आणि बायकोला फोनवर परत कामातलं सांगतो.

एका गोष्टीत मात्र वाट बघायची नाही. तुमचं पीएफचं पासबुक आजच उघडून बघा. कंपनीनं दर महिन्याची रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. पगाराच्या स्लिपवर कपात दिसतेय आणि पासबुकात तीन-चार महिने नोंदच नाही, तर साहेब कितीही गोड बोलत असू देत, दुसरीकडे बघायला लागा.

तसं काही नसेल तर तुमच्या ४ वर्षं ३ महिन्यांचा हिशोब करा. कायम कामगाराला सलग ५ वर्षं झाली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम, लागू होते. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. हे दोन्ही मिळून २०,००० धरले तर ५ वर्षांचे सुमारे ५७,७०० होतात. नऊ महिन्यांसाठी ही रक्कम सोडणं आपल्यासारख्याला परवडत नाही. ते नऊ महिने शिकण्यात घाला, मुलाखती द्या, आणि नोटीस पिरियड धरून तारीख ठरवा.

पीएफ काढू नका, नवीन कंपनीत ट्रान्सफर करा. ५ वर्षांच्या आत काढलात तर त्यावर कर लागतो, आणि पीएफच्या पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते. ट्रान्सफर केलंत तर आधीची वर्षं धरली जातात. काढून घेतलेल्या पैशांची आमच्याकडे कितीतरी जणांनी गाडी घेतली आणि आता पेन्शनसाठी वर्षं मोजत बसलेत.

आणि पुण्याच्या मित्रांना पगाराचा आकडा विचारलाच असेल. आता तिथं खोली, डबा आणि जाण्यायेण्याला महिन्याला किती जातात तेही विचारा, आणि ते लोक दिवसभर नेमकं काय काम करतात तेही.