सीनियर केजीत ‘मागे पडलेला’ डिसेंबरचा मुलगा

“मॅडम, वर्गातली मुलं तीन अक्षरी शब्द वाचायला लागली. हा अजून बी आणि डी उलटे काढतो. मागे पडलाय का हो माझा मुलगा?”

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणारी एक आई ऑगस्टमध्ये हे विचारत आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तिने वही दाखवली, मग मोबाइलवर घडाघडा वाचणाऱ्या एका मुलीचा व्हिडिओ. मुलगी त्याच वर्गातली, त्याच सोसायटीतली.

मी दोघांच्या जन्मतारखा विचारल्या. मुलगा डिसेंबरचा, मुलगी त्याच वर्षीच्या जानेवारीतली. आपल्याकडे शाळाप्रवेशासाठी ३१ डिसेंबरचं वय धरतात, म्हणून दोघं एका बाकावर. पण त्या दिवशी ती होती ५ वर्षं ७ महिन्यांची आणि हा ४ वर्षं ८ महिन्यांचा. या वयात अकरा महिने म्हणजे जवळजवळ एक पंचमांश आयुष्य! अशी तुलना करून दमलेल्या आया मला दरवर्षी भेटतात आणि दरवेळी जीव तुटतो.

तारखेवर विसंबून मात्र मी कुणाला परत पाठवत नाही. मुलाला जमिनीवर बसवून खेळायला घेतलं. तलावपाळीच्या बोटीत आजोबा कसे घाबरले, हे त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट सांगितलं. आठ बटणं एकेक मोजून दिली. एका पायावर लंगडी घातली. चौकोन बघून काढला, त्रिकोणाची बाजू मात्र वाकडी गेली. त्रिकोण साधारण पाचव्या वर्षाच्या आसपास जमतो. अक्षरं उलटी काढणं तर सातव्या वर्षापर्यंत बऱ्याच मुलांत दिसतं. तेवढ्यावरून डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचन-लेखनातल्या अडचणीचा, शिक्का या वयात कुणी मारू नये.

एक गोष्ट खटकली. तो सारखा “काय?” म्हणत होता, आणि पावसाळाभर सर्दी होती असं आई म्हणाली. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येणं लहान मुलांत नेहमीचं आहे. अक्षरांचे आवाजच नीट पोचले नाहीत तर वाचन कुठून येणार? मी कानाची आणि डोळ्यांची तपासणी करून घ्यायला सांगितली. दोन्ही ठीक निघालं.

मग घरच्या अभ्यासाचा तास बंद केला. त्याऐवजी मटार सोलायचे, कणकेचे गोळे करायचे, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावायचे. पाटीवर लिहायला खडूचा अगदी छोटा तुकडा द्यायचा. तो मुठीत मावतच नाही, चिमटीतच धरावा लागतो. रात्री गोष्ट वाचताना शब्दांवरून बोट फिरवायचं, त्याला “वाच” म्हणायचं नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, शंख-शिंपले, खडे, पानं घेऊन बालवाड्या चालवल्या. २०२०च्या शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे. आपण मात्र पाचव्या वर्षीच निकाल मागतो.

मूल या वयात परक्यांना कळेल असं बोलत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, इतर मुलांत मिसळतच नसेल, किंवा येत असलेलं विसरू लागलं असेल, तर “होईल हळूहळू” म्हणत थांबू नका. लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. या मुलात यातलं काहीच नव्हतं.

निघताना आईने खरा प्रश्न काढला. “मग पहिलीत घालू, की एक वर्ष थांबवू?”

हे ऑगस्टमध्ये ठरवू नका, मी म्हटलं. मार्चमध्ये वर्गशिक्षिकेला तीन गोष्टी विचारा: सांगितलेलं काम तो स्वतः सुरू करतो का, डबा आणि शू यांचं स्वतःचं स्वतः बघतो का, आणि शाळेत यायला खूश असतो का. वाचनाचा प्रश्न शेवटी विचारा. तिन्हींची उत्तरं ‘हो’ आली तर घाला. रोज सकाळी पोटात दुखत असेल तर एक वर्ष थांबवण्याबद्दल आपण पुन्हा बसून बोलू, त्याच्या बाबांनाही घेऊन या.

तिने तिन्ही प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले.