‘हायब्रिड सिम्युलेशन’ला ‘संकरित अनुकरण’ म्हणावे का?

परळच्या एका अनुवादकाने विचारले आहे की, रुग्णालयातल्या ओपीडीच्या गर्दीवरच्या लेखात ‘हायब्रिड सिम्युलेशन’ला ‘संकरित अनुकरण’ म्हटले तर चालेल का?

मी दोन्ही शब्द बदलेन. ‘अनुकरण’ म्हटले की नक्कल आठवते. इथे केसपेपरच्या दोनाच्या तीन खिडक्या केल्या तर रांगेचे काय होईल, हे खरी खिडकी न उघडता संगणकावर पडताळायचे असते. ‘सदृशीकरण’ जड आहे, पण अर्थाला धरून आहे. तेही नको असेल तर सरळ ‘सिम्युलेशन’ ठेवा. ओपीडी, आयसीयू पचवलेल्या मुंबईकराला आणखी एक पचेल.

‘संकरित’ मला जास्त खटकतो. संकरित बियाण्यातून मूळचे दोन वाण वेगळे काढता येत नाहीत. ‘हायब्रिड सिम्युलेशन’मध्ये सिम्युलेशनच्या वेगवेगळ्या पद्धती एकत्र जोडतात, पण प्रत्येक पद्धत आपापले काम करत राहते. केसपेपर, तपासणी, रक्त, औषधे या वाटेवर रुग्ण कुठे किती खोळंबतो, ते एकेका सुट्या घटनेचा माग ठेवणारे ‘डिस्क्रीट इव्हेंट’ सदृशीकरण दाखवते. (रांगेची ही चिंता जुनीच. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ नॉर्मन बेली यांनी १९५२ मध्येच बाह्यरुग्ण विभागातल्या भेटीच्या वेळांवर लिहिले होते.) पावसाळ्यात डेंग्यू-लेप्टोचे रुग्ण वाढतात, खाटा भरतात, त्यामुळे नवे रुग्ण अपघात विभागातच अडकतात, अशी एकमेकांत गुंतलेली चक्रे ‘सिस्टिम डायनॅमिक्स’ पाहते. एमआयटीतल्या जे फॉरेस्टर यांनी १९५०च्या दशकात ती उद्योगांसाठी मांडली. दुखणे अंगावर कोण काढेल आणि थेट केईएम कोण गाठेल, हे प्रत्येक माणसाचा निर्णय वेगळा धरणाऱ्या ‘एजंट-बेस्ड’ पद्धतीत येते. त्यातला ‘एजंट’ मात्र तसाच ठेवू नका. केसपेपरच्या खिडकीपाशी एजंट म्हटल्यावर वाचकाला दलालच दिसेल! व्याकरणातला ‘कर्ता’ घ्या, म्हणजे ‘कर्ताधारित’.

आता जोडणी. साथीचे गणित रोज किती रुग्ण येतील ते सांगते, तो आकडा रांगेच्या गणितात जातो, रांग फार लांबली की काही ‘कर्ते’ खासगी दवाखान्याकडे वळतात आणि पहिला आकडा पुन्हा बदलतो. जोडाक्षरातली दोन्ही अक्षरे ओळखू येतात, तशाच या पद्धतीही. म्हणून ‘जोड सदृशीकरण’ म्हणावे. ‘संयुक्त’ही चुकीचे नाही, पण त्याला समिती-सभेचा वास येतो.

जाता जाता, ‘मॉडेल’ला ‘प्रारूप’ नको, तो कच्चा मसुदा वाटतो. ‘प्रतिमान’ बरे. आणि पहिल्या उल्लेखात ‘हायब्रिड सिम्युलेशन’ देवनागरीत जरूर द्या, कारण रुग्णालयातली मंडळी तेच म्हणतात.