गडग्याच्या जातीचा किल्ला

प्रश्न : माझा भाचा मालवाहू जहाजावर आहे. मध्यंतरी जहाज ओकिनावा बेटाच्या बंदराला लागले असता त्याने तिथल्या नाकागुसुकु या पडक्या किल्ल्याची छायाचित्रे पाठवली. तट ओहोळासारखे वळत गेलेले आहेत आणि दगडांच्या सांध्यांत चुन्याचा मागमूस नाही. आमच्या विजयदुर्गाच्या तटाला चुना लागला, सिंधुदुर्गाच्या पायात तर शिसे ओतल्याचे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मग हा तट कशावर उभा आहे? हा जपानी किल्ला म्हणायचा काय, आणि तो कोणी पाडला? एका छायाचित्रात तटाच्या आत झाडाखाली नुसते दगड मांडलेले असून त्यांच्यापुढे धूप लावल्याच्या खुणा आहेत, तेही काय असावे?
— एक वाचक, देवगड

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या परड्यातच आहे. गडगा घालणारा माणूस मोठे धोंडे तळाला बसवतो, सांध्यात चिपा ठोकतो, दोन्ही अंगांनी चेहरा धरून मधल्या पोकळीत बारीक दगड भरतो, आणि असा गडगा आपल्याकडचे कित्येक पावसाळे काढतो, कारण पाणी त्यात अडून न राहता आरपार निघून जाते. नाकागुसुकुचा तट याच जातीचा आहे. बाहेरून घडीव दगडांचा चेहरा आणि पोटात दगडगोट्यांचा भराव. वादळी पावसाच्या त्या बेटावर पाण्याचा निचरा होत राहिला, म्हणून तटाला पोट सुटले नाही. फरक इतकाच, की आपला गडगा कमरेएवढा असतो आणि हा तट माणसाच्या कित्येक पट उंच आहे.

दगडही आपल्या जांभ्याचा दूरचा सोयरा शोभावा असा आहे. तो पोवळ्यांच्या खडकापासून झालेला चुनखडक असून सच्छिद्र आणि घडवायला तुलनेने मऊ असतो. त्याची रचना तीन तऱ्हांची असते. पहिलीत दगड जसा मिळाला तसाच रचतात. दुसरीत चौकोनी चिरे घडवून आडव्या थरांनी लावतात. तिसरीत प्रत्येक दगडाला पाच-सहा बाजू पाडून तो शेजाऱ्यांच्या खाचेत असा बसवतात, की भिंत कासवाच्या पाठीसारखी दिसते. तिसऱ्या तऱ्हेत सलग आडवा सांधा कुठेच नसल्यामुळे एखादा दगड सरकायचा म्हटला तरी भोवतालचे त्याला अडवून धरतात. नाकागुसुकुवर या तिन्ही तऱ्हा एकाच ठिकाणी पाहायला मिळतात. त्यामुळे भाच्याची छायाचित्रे पुन्हा काढून बसाल, तर कोणता भाग आधीचा आणि कोणता नंतरचा हे बऱ्याच अंशी आपले आपल्यालाच ओळखता येईल. तटाची वळणे डोंगरधारेला धरून आहेत, आणि वळणामुळे पायथ्याशी भिडलेल्या शत्रूवर दोन्ही बाजूंनी मारा करता येतो. तोफेसाठी बांधलेले आपल्यासारखे बुरूज तिथे शोधू नयेत. हा किल्ला सिंधुदुर्गाच्या पायाभरणीपेक्षा (1664) दोनशेहून अधिक वर्षांनी जुना आहे. दगडी कमानीचा दरवाजा मात्र अवश्य पाहावा.

जपानी म्हणावा काय, याचे उत्तर ‘आज जपानात असलेला’ एवढेच द्यावे लागेल. ओकिनावावर पूर्वी उत्तर, मध्य आणि दक्षिण अशी तीन राज्ये होती. ती 1429 मध्ये शो हाशी याने एक केली आणि र्‍युक्यू राज्य उभे राहिले. चीन, सयाम, मलाक्का यांच्याशी त्याचा व्यापार चाले. खुद्द जपानात उंच दगडी तटांच्या किल्ल्यांचा काळ सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला, म्हणजे या बाबतीत बेटकरी शंभरावर वर्षे पुढे होते. दक्षिण जपानातील सात्सुमा या संस्थानाच्या सैन्याने 1609 मध्ये हे राज्य अंकित केले आणि 1879 मध्ये ते जपानचा एक प्रांत झाले.

नाकागुसुकुची आतली आवारे स्थानिक सरदारांनी आधीच बांधली होती. सन 1440 च्या सुमारास गोसामारू हा सरदार तिथे आला आणि त्याने तिसरे व उत्तरेचे आवार वाढवले; कासवाच्या पाठीसारखे काम ते हेच. त्याआधी त्याने झाकिमी येथे किल्ला उभारला होता, आणि त्यासाठी जुन्या यामादा किल्ल्याचे दगड माणसांची रांग लावून हातोहात नेले, असे सांगतात. (घर शाकारताना नळे एका हातातून दुसऱ्या हातात जात, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सांगणे खोटे वाटणार नाही.) नाकागुसुकुवरून आखातापलीकडे कात्सुरेनचा किल्ला दिसतो. तिथला आमावारी हा राजाचा जावई, तर गोसामारू राजाचा सासरा. आमावारीने गोसामारू बंडाची तयारी करतो आहे असे र्‍युक्यूची राजधानी शुरी, तिथल्या राजाच्या कानावर घातले. 1458 मध्ये राजाची फौज आली तेव्हा गोसामारूने आपल्याच राजावर शस्त्र न धरता प्राण दिला, आणि त्याच वर्षी आमावारीचाही निकाल लागला. ही कथा शुरीच्या दरबारात पुढे दोनशे वर्षांनी लिहिल्या गेलेल्या इतिहासांतून आली आहे. दोन्ही बलाढ्य सरदार एका वर्षात नाहीसे झाले आणि दोष सगळा आमावारीच्या माथी गेला, हे राजाला फारच सोयीचे होते, असे माझे मत आहे.

म्हणजे किल्ला कोणी पाडला नाही. लढाई न होताच तो राजाच्या हाती गेला आणि तट जागच्या जागी राहिले. अमेरिकेच्या कमोडोर पेरी यांची माणसे 1853 मध्ये इथे आली, तेव्हा त्यांनी मोजमापे घेतली आणि दगडकामाची वाखाणणी केली. आवारात पुढे स्थानिक कारभाराची कचेरी होती. ती लाकडी इमारत 1945 च्या युद्धात जळाली. आज दिसते ते जवळजवळ केवळ दगडी अंग. सन 2000 मध्ये र्‍युक्यूची नऊ स्थळे जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यांत नाकागुसुकु, झाकिमी आणि कात्सुरेन हे तिन्ही किल्ले आहेत. आपला विजयदुर्ग त्या यादीत 2025 मध्ये दाखल झाला.

राहिले झाडाखालचे दगड. ते ‘उताकी’, म्हणजे देवस्थान. मूर्ती नाही, देऊळ नाही. झाडे, खडक आणि धूप ठेवण्याचा दगड. पूजेचा मान नोरो म्हणवणाऱ्या स्त्रियांकडे असे. आपल्या गावच्या राईत जिथे कोयता चालवत नाहीत, तिथे उभे राहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. ‘गुसुकु’ म्हणजे मुळात किल्ला, वस्ती की देवाची जागा, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. बेटांवर गुसुकु म्हणवणारी अशीही लहान स्थळे आहेत, जिथे तट नावालाही नाही आणि आत आहे ती फक्त राई.