जुनी फटफटी, नवा साज : वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेली निम्म्याहून अधिक पत्रं रंगाची आणि क्रोमची आहेत. ब्रेकबद्दल एकही नाही! असो. आलेल्यांपैकी काही निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : बुलेटची टाकी नव्याने रंगवली. दोन महिन्यांत झाकणाभोवती फुगे आले. रंगारी म्हणतो पेट्रोल सांडतं, मला वाटतं त्याने रंग हलका मारला. खरं कोणाचं? (जुळे सोलापूर)

एक फुगा नखाने फोडा, उत्तर तिथेच मिळेल. खाली तांबूस पूड दिसली तर गंज पूर्ण न काढता वर प्रायमर मारलेला आहे. राखाडी, भुसभुशीत पुट्टी दिसली आणि तिला पेट्रोलचा वास येत असेल, तर झाकणाच्या कडेने पुट्टी पेट्रोल पीत बसली आहे. आणि रंगच चिकट, मऊ होऊन सालासारखा निघत असेल तर तो साधा ड्युको, म्हणजे हार्डनरशिवाय नुसता थिनर उडून वाळणारा रंग आहे. ड्युको पेट्रोलने विरघळतो, त्यात कोणाचा इलाज नाही. टाकीला हार्डनर घालून मारायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंगच हवा.

पण रंगाऱ्याचंही अर्धं खरं आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या पुढे जातो आणि टाकी गळ्यापर्यंत भरून गाडी उन्हात लावली की पेट्रोल फुगतं. १३ लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं तर साधारण पाव लिटर वाढतं. ते जाणार कुठे? झाकणातूनच बाहेर येतं. टाकी दोन बोटं रिकामी ठेवा आणि झाकणाचा वायसर बदला, तो वीस-तीस रुपयांच्या घरातला माल आहे.

आता पुन्हा रंगवायचीच असेल तर सगळा जुना थर पत्र्यापर्यंत काढा. ८० नंबरच्या कागदाने घासून लगेच, त्याच दिवशी, इपॉक्सी प्रायमर द्या. उघडा पत्रा रात्रभर राहिला तरी त्यावर गंज धरतो. खड्डे आधी डेंटिंगवाल्याकडून उठवून घ्या. पुट्टी २ मिमीपेक्षा जाड नको, ती इंजिनाच्या थरथरीने तडकते. झाकणाच्या गळ्याभोवती पुट्टी अजिबात नको. पुट्टी १८० आणि मग ३२० नंबरने कोरडीच घासायची, कारण ती पाणी शोषते आणि ते पाणी पुढे उन्हात फुगे होऊन वर येतं. त्यावर सरफेसर (बारीक रेघा भरणारा प्रायमर), मग ६०० आणि ८०० नंबरने पाणी लावून. इथे एक सोलापुरी अडचण आहे : बोअरचं पाणी जड असतं. ते पृष्ठभागावर वाळलं की क्षार राहतात आणि रंगाखाली राहिलेला क्षार ओलावा खेचून बारीक पुरळ आणतो. शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्याने करा. एक बादली पुरते.

रंग सकाळी दहाच्या आत मारा. दुपारी वारा सुटला की धूळ येते, आणि उन्हात नेहमीचा थिनर हवेतच उडून रंग कोरडा, खरखरीत पडतो. उन्हाळ्यात हळू उडणारा थिनर मागून घ्या. पातळ हात दोन-तीन, प्रत्येक हातानंतर १० ते १५ मिनिटं थांबून, मग क्लिअरचे, म्हणजे वरच्या पारदर्शक थराचे, दोन. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असतं तेच. 'लवकर वाळावं' म्हणून जास्त घातलं की क्लिअर ठिसूळ होतो. त्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला घातक आहे, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, काडतुसाचा मास्क लागतो. टाकीत पेट्रोल आठवडाभराने भरा, वॅक्स महिन्यानंतर.

प्रश्न : टाकीवर सोनेरी पट्ट्या हाताने ओढायच्या की स्टिकर लावायचं? (नवी पेठ)

हाताने. रॉयल एनफिल्डच्या चेन्नईच्या कारखान्यातही या पट्ट्या वर्षानुवर्षं हातानेच ओढल्या गेल्या, आणि जाणकार माणूस लांबूनच ओळखतो : हाताची रेघ वळणावर किंचित जाड होते, स्टिकर वळणावर सुरकुततं. लांब केसांचा लाइनिंग ब्रश घ्या, करंगळी टाकीला टेकवा आणि मनगट न हलवता अख्खा हात मागे ओढा. क्लिअरचा पहिला थर कडक झाल्यावर त्याला ८०० नंबरने हलकं घासून रेघ मारली की चुकल्यास पुसता येते, खालचा रंग बिघडत नाही. मात्र रेघेला घरातला ऑइलपेंट वापरू नका. वर पीयू क्लिअर पडला की तो सुरकुतून उचलला जातो. आधी जुन्या मडगार्डवर पंधरा-वीस रेघा मारून हात बसवा.

प्रश्न : जुनी कास्ट आयर्न बुलेट आहे, पॉइंटची. किक उलटी मारते, पायाच्या नडगीला दोनदा लागलं. शिवाय तापल्यावर बंद पडली की अर्धा तास सुरू होत नाही. (अक्कलकोट रोड)

हे दोन वेगळे आजार आहेत.

उलटी किक म्हणजे ठिणगी वेळेआधी पडते. टायमिंगला, म्हणजे ठिणगीच्या वेळेला, हात लावण्यापूर्वी पॉइंटची (उघडताना ठिणगी पाडणाऱ्या दोन संपर्कांची) फट मोजा, ०.३५ ते ०.४० मिमी हवी. बहुतेक जण इथेच चुकतात : फट जास्त झाली की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं. म्हणून आधी फट, मग टायमिंग, उलट क्रमाने केलं तर दोन्ही वाया. टायमिंग ३५० च्या इंजिनाला पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिमी अलीकडे असताना, ऑटो अ‍ॅडव्हान्सची वजनं पूर्ण मिटलेली असताना. वेग वाढला की ठिणगी आपोआप लवकर पाडणारी ही वजनं आणि त्यांच्या दोन बारीक स्प्रिंगा पॉइंटच्या प्लेटखाली असतात. ग्रीस वाळून वजनं उघडीच अडकली तर टायमिंग कितीही नीट लावा, किक मारतेच. ती काढून रॉकेलने धुवा, थेंबभर तेल द्या.

उघडण्याचा नेमका क्षण पकडायला सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरा. प्लग काढून, चौथ्या गिअरमध्ये मागचं चाक हळूहळू पुढे फिरवा; कागद सुटला तो क्षण. पुढे गेलात तर चाक बरंच मागे घेऊन पुन्हा पुढे या, नाहीतर गिअरांमधली ढिलाई मापात शिरते.

आणि किक मारायची रीत : चावी लावा, अ‍ॅमिटरवर डोळा ठेवून किक हळू दाबा. बॅटरीचा करंट दाखवणारा हा काटा वजाकडे झुकतो, मग मध्यावर येतो. मध्यावर आला म्हणजे पॉइंट उघडला, पिस्टन वर आला. आता डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून किक दोन-तीन बोटं पुढे ढकला, डीकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग पूर्ण, न थांबता मारा. अर्धवट लाथ हीच नडगी फोडते.

तापल्यावर बंद पडण्याला बहुधा कंडेन्सर, म्हणजे पॉइंटला जोडलेली वीज साठवणारी छोटी डबी, कारण आहे. पॉइंटवर निळसर-पांढरी, मोठी ठिणगी दिसली तर नक्कीच. थंड असताना तो नीट वागतो, तापला की दगा देतो, म्हणून गॅरेजमध्ये गाडी नेहमी ठणठणीत सापडते. नवा लावा, पण तो इंजिनाच्या उष्णतेपासून थोडा लांब, टाकीखाली वायर ओढून बसवलात तर अधिक टिकेल.

प्रश्न : येझदी पांढऱ्या धुराचा लोट सोडते. दुसऱ्या मित्राची येझदी उलट धूर सोडत नाही, पण थांबवल्यावर आपोआप रेस होते. दोघांनाही सायलेन्सर साफ करायला सांगितलंय. (बाळीवेस)

सायलेन्सरचा काही दोष नाही. दोन्ही गाड्यांचं क्रँकचं ऑइल सील, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याभोवतीची रबरी कडी, गेलंय, फक्त वेगवेगळ्या बाजूचं. डावीकडे क्लच आणि प्रायमरी चेन तेलात असतात. ते सील गेलं की इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं. तुमच्या गाडीच्या गिअर ऑइलची पातळी बघा, हमखास कमी भरेल. मित्राच्या गाडीचं उजवं, डायनामोकडचं सील गेलं आहे. तिथून हवा शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि रेस चढते. उजवं झाकण उघडल्यावर डायनामोच्या मागे तेलकट, काळा ओलावा दिसला की खात्री समजा. ती गाडी तशीच तुळजापूरच्या घाटात चढवली तर पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकेल. तुमची नुसती धूर काढेल, त्याची इंजिन खाईल. आधी त्याचं काम करा.

म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, त्यामुळे सीलं आता इकडच्या-तिकडच्या बनावटीची येतात. घेताना ओठ नखाने वाकवून बघा; कडक वाटला तर परत द्या. पेट्रोलमध्ये तेल लिटरला ४० मिली हे जुनं माप. आजच्या चांगल्या टूटी (टू-स्ट्रोक) ऑइलवर ३० ते ३५ चालतं, पण रिंगा बदलल्यावर पहिले ५०० किलोमीटर ४०च ठेवा. आणि लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून उतरू नका. तेल पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल बंद तर तेलही बंद.

प्रश्न : जुन्या १०० सीसी गाडीची मागची चेसिस कापून, वळवलेला पाइप जोडून कॅफे रेसर (पुढे वाकून चालवायची, जुन्या रेसिंग धाटणीची गाडी) करायची आहे. आरटीओची अडचण येईल का? (विजापूर रोड)

येईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

कायदा बाजूला ठेवला तरी चेसिस कापू नये. मागच्या शॉकअपचा वरचा बोल्ट जिथे बसतो त्याच भागावर दोन माणसांचं वजन आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका येतो. तिथे वेल्डिंगचा जोड तापून ठिसूळ झाला तर तडा रंगाखाली दिसत नाही.

बोल्टने निघणारं तेवढंच बदला : चपटं हँडल, गोल हेडलाइट, लहान मडगार्ड, कुबडाची सीट. सीटचा सांगाडा मूळ बोल्टांच्या भोकांवरच बसवा. हँडल खाली आणलं की क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल लांब पडून वाकते. मोजून आखूड करून घ्या. मग हँडल दोन्ही टोकांना वळवून इंजिन सुरू ठेवा. वळवल्यावर रेस वाढली तर केबल ताणली जातेय. ही तपासणी न करता रस्त्यावर जाऊ नका. रंग बदललात तर आरसीवरही बदलून घ्या.

चेसिसला पावडर कोटिंग करणार असाल तर चेसिस नंबरवर उष्णता सोसणारी टेप लावायला सांगा. तो घासला गेला किंवा थराखाली बुजला तर पासिंगला पेन्सिलचा ठसा उठणार नाही, आणि मग तुम्ही चोरीची गाडी घेऊन फिरत नाही हे पटवत बसाल. भट्टी १८० ते २०० अंशांची असते, म्हणून बेअरिंगच्या वाट्या, रबरी बुश, पुट्टी सगळं आधी काढायचं.

प्रश्न : इंदोरी आणि पंजाबी सायलेन्सरमध्ये कोणता चांगला? (सात रस्ता)

कोणताच नाही. दोन्ही मोठ्या आवाजासाठी बाहेरून बसवायचे सायलेन्सर. नियम ओलांडणाऱ्या आवाजाला कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. शिवाय आतली अडथळ्याची नळी नसली की मिश्रण पातळ होतं, बंद करताना फटाके फुटतात आणि पाइप निळा पडतो. फटाक्याला लोक ताकद समजतात, इंजिनाच्या दृष्टीने ते भुकेलेपण आहे.

प्रश्न : क्लासिक ३५० च्या मागे १४० चा टायर बसेल का? (होटगी रोड)

बसवला तर बसेल, पण अरुंद रिमवर रुंद टायर चिमटला जातो, मधोमध उंच होतो आणि वळणावर गाडी आडवी पडायला कुरकुरते. वर चेनच्या कव्हरला घासतो. कंपनीच्या मापाचाच ठेवा.

प्रश्न : गाड्यांच्या प्रदर्शनात माझी १९७३ ची जावा मांडायची आहे. तयारी कशी करू? व्हिंटेज नंबर घ्यावा का? (जोडबसवण्णा चौक)

इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियम कव्हरपासून सुरुवात करा. त्यावर जुनं लॅकर असेल तर ते आधी काढायला हवं, नाहीतर पॉलिश लॅकरवरच होतं आणि डाग आत राहतात. मग ४००, ६००, १००० नंबरचा पाण्याचा कागद, दर वेळी आधीच्या रेघांना आडवं घासत, शेवटी बफ. क्रोमला कागद लावू नका. अ‍ॅल्युमिनियमची फॉइल चुरगाळून पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने चोळा. बारीक गंज निघतो, खालचं निकेल खरवडत नाही. पुसायला टॉवेल आपल्याच गावचा, पण त्याची शिवलेली किनार कापून टाका, रेघा ती ओढते.

मांडताना टाकीत पेट्रोल लिटरभरच, कॉक बंद, बॅटरीची वजा वायर सुटी, खाली पत्र्याचा ट्रे. जावा दोन थेंब गाळणारच. मधल्या स्टँडखाली फळी घाला, नाहीतर दुपारी डांबर मऊ होऊन गाडी एका बाजूला झुकते.

व्हिंटेजची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या आणि मूळ स्वरूपात ठेवलेल्या गाडीला मिळते. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण त्यानंतर ती गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. तुम्ही तिच्यावर दर रविवारी अक्कलकोटला जात असाल तर साधा नंबरच ठेवा, त्याचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करा.