सोयाबीन उगवलं नाही, ४१ जणांचा एकच दावा: कागद कसे जमवाल?

प्रश्न: आमच्या गावच्या ४१ कास्तकारांनी जून २०२५ मध्ये एकाच कृषी केंद्रातून एकाच कंपनीचं सोयाबीन बियाणं घेतलं. मिळून १३० बॅगा, बॅग २,८०० रुपयांची. निम्मंही उगवलं नाही. नऊ जणांच्या वावरात तालुका समितीनं पंचनामा केला. बाकीच्यांनी वाट न पाहता वखर फिरवून दुबार पेरलं. पक्कं बिल २६ जणांकडे आहे, उरलेल्यांकडे हातची चिठ्ठी किंवा काहीच नाही. सर्वांचा मिळून भरपाईचा दावा होईल का? कागद कोणते लागतील?
— एक कास्तकार, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, दावा होतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३५(१)(क) प्रमाणे समान हित असलेल्या सर्वांच्या वतीनं एक किंवा अधिक ग्राहक तक्रार करू शकतात, मात्र त्यासाठी ग्राहक आयोगाची परवानगी घ्यावी लागते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे यवतमाळच्या जिल्हा आयोगातच तक्रार चालते. कंपनी कुठलीही असो. १३० बॅगांची किंमत होते ३,६४,००० रुपये. अधिकारक्षेत्र आणि फी बियाण्यासाठी मोजलेल्या पैशांवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही, आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. ती जून २०२५ पासून धरा. पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती थांबत नाही.

आता समान हित म्हणजे काय, ते पाहा. सगळे एका गावचे, एकाच दुकानचे, एवढ्यानं भागत नाही. २०२१ मध्ये ब्रिगेड एंटरप्रायझेस या बांधकाम कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हित समान कसं, हे तक्रारीतच मांडलं पाहिजे. ते जमत नसेल तर ठरावीक ग्राहकांनी मिळून संयुक्त तक्रार करावी. तुमच्या प्रकरणात ही समानता लॉट नंबरवर, म्हणजे बियाणं ज्या खेपेतलं आहे तिच्या क्रमांकावर उभी राहील. म्हणून पहिलं काम बिलं गोळा करणं नाही, कोणाची बॅग कोणत्या लॉटची याची यादी करणं. दोन लॉट निघाले तर दोन गट पाडा. एका लॉटचा पंचनामा दुसऱ्या लॉटच्या गळ्यात बांधायला गेलात तर कंपनीचा वकील तिथंच धरेल.

लॉट नंबर बॅगेच्या तोंडाशी शिवलेल्या टॅगवर असतो. बॅग उघडताना तो बहुधा दोऱ्याबरोबर निघून जातो, पण चुंगडी घरात कुठंतरी पडलेली असते. शोधा, धुऊ नका. टॅगचा रंगही पाहा: निळा असेल तर प्रमाणित बियाणं, हिरवा असेल तर कंपनीनं स्वतःच्या जबाबदारीवर विकलेलं. टॅगवर तपासणीची तारीख आणि उगवणशक्ती असते. सोयाबीनला किमान ७० टक्के लागते.

ज्यांच्याकडे बिल नाही, त्यांनी लगेच हात टेकू नयेत. बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ प्रमाणे बिल देणं आणि साठ्याची नोंद ठेवणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. पंचायत समितीच्या कृषी विभागाकडे दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा आणि त्या केंद्राचं जूनचं साठा-विक्री विवरण मागा. त्याच अर्जात विचारा की बियाणे निरीक्षकानं या लॉटचा नमुना घेतला होता का, आणि अहवाल काय आला. असा अहवाल मिळाला तर तो दहा प्रतिज्ञापत्रांपेक्षा वजनदार. घरी उरलेलं बियाणं आता खासगी प्रयोगशाळेत पाठवून फारसा उपयोग नाही: सोयाबीनची उगवणशक्ती साठवणीत झपाट्यानं उतरते, आणि नमुना कोणी, कसा काढला यावरच वाद होतो. सीलबंद बॅग असेल तर मात्र हात न लावता आयोगापुढं ठेवा. नमुना राखून ठेवला नाही म्हणून दावा पडत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या मधुसूदन रेड्डी निकालात स्पष्ट म्हटलं आहे की शेतकरी सगळं बियाणं पेरणारच, त्यानं तपासणीसाठी थोडं बाजूला ठेवावं अशी अपेक्षा करता येत नाही.

बिलं आहेत त्यांनीही तारखा तपासाव्यात. उधारीवर माल घेतला की केंद्रवाले बिल दिवाळीला फाडतात आणि त्यावर पेरणीनंतरची तारीख येते. एकाच्या नावावर चौघांच्या बॅगा असतात. सातबारा बापाच्या नावे, बिल पोराच्या, वावर मक्त्यानं तिसऱ्याकडे. खरेदीदाराच्या संमतीनं माल वापरणाराही ग्राहक ठरतो, पण ही साखळी प्रत्येकाच्या प्रतिज्ञापत्रात गट नंबरसह लिहा. दुबार पेरताना तूर किंवा मका घेतला असेल तर ई-पीक पाहणीत तेच पीक दिसेल. तारखांसह खुलासा आधीच करा. अतिवृष्टीचं अनुदान घेतलं असेल तर लपवू नका. ते दुसऱ्या पेऱ्याच्या नुकसानीचं होतं, हे तारखांवरूनच दिसेल.

त्या नऊ पंचनाम्यांच्या प्रमाणित प्रती आजच मागा आणि नीट वाचा. नुसतं ‘उगवण कमी आढळली’ लिहिलेला पंचनामा लंगडा. ४५ बाय ५ सेंटिमीटरवर (दोन ओळींत ४५, दोन रोपांत ५) पेरलं तर एक मीटर लांबीच्या ओळीत साधारण २० रोपं हवीत. प्रत्यक्ष किती मोजली, किती ठिकाणी, उकरल्यावर दाणा किती खोल आणि कुजलेला होता का, हे त्यात असावं. कंपनी व विक्रेत्याला बोलावलं होतं का, तेही पाहा. ती नोटीस नसली की पंचनाम्यावर पहिला घाव तिथंच बसतो.

कंपनीचा ठरलेला बचाव असतो: पाऊस नव्हता, खोल पेरलं. त्यावर उपाय दोन. तुमच्या महसूल मंडळाची जूनची रोजची पावसाची आकडेवारी काढा. पेरणीआधी ७५ ते १०० मिलिमीटर झाला होता हे दिसलं पाहिजे. आणि धुऱ्यापलीकडच्या ज्या कास्तकारानं त्याच दोन-चार दिवसांत दुसरं बियाणं पेरलं आणि ते उगवलं, त्याचं प्रतिज्ञापत्र आणि बिल घ्या. पंचनामा न झालेल्या ३२ जणांची भिस्त यावरच आहे.

फोटो मूळ मोबाइलमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोतून वेळ आणि ठिकाणाची माहिती गळून पडते. प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे डिजिटल पुराव्याचं प्रमाणपत्र जोडा.

रकमेचा हिशेब मात्र प्रत्येकाचा वेगळा: बियाणं, खत, ट्रॅक्टर, दुबार पेरणीचा खर्च आणि घटलेलं उत्पन्न. उत्पन्नासाठी मागच्या दोन-तीन हंगामांच्या बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या आणि मंडळाच्या पीक कापणी प्रयोगाचे आकडे जोडा. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. एकरी अवाच्या सवा आकडा लिहिलात तर खरा खर्चही संशयात येतो.

कोणी कंपनीकडून बदली बॅग घेऊन ‘समाधान झाले’ वर सही केली असेल तर आत्ताच सांगा. त्याचा कागद वेगळा ठेवावा लागेल.

आयोगापुढं दोन-तीन जण पुढं करा, बाकीच्यांची अधिकारपत्रं घ्या. परवानगीनंतर सर्व संबंधितांना नोटीस जाते, बहुधा वर्तमानपत्रातून, आणि तो खर्च तक्रारदारांचा; वर्गणी आधीच जमवून पावत्या ठेवा. एकदा अशी तक्रार दाखल झाली की पुढं केलेल्या दोन-तीन जणांना परस्पर तडजोड करता येत नाही, त्यासाठीही सर्वांना नोटीस द्यावी लागते. कंपनीचा माणूस एकेकट्याला गाठायला लागला तर हे त्याला ऐकवा.