कैलासाची वाट आणि तिथले पशुपालक

प्रश्न : आम्ही दोघे पती-पत्नी निवृत्त असून साठी ओलांडली आहे. कैलास-मानसरोवर यात्रेची इच्छा फार वर्षांपासून आहे. नागपूरच्या माणसाला ती उंची सोसेल का? आणि तिकडच्या याक पाळणाऱ्या लोकांच्या तंबूत राहता येते का?
— एक वाचक भगिनी, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : वयामुळे मागे हटू नका. परराष्ट्र मंत्रालयाच्या यात्रेत सत्तर वर्षांपर्यंतच्या व्यक्तींना अर्ज करता येतो. मात्र पारपत्र वैध हवे, उंचीच्या मानाने वजन आटोक्यात हवे आणि दिल्लीतील वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण व्हावे लागते. 2020 पासून बंद असलेली ही यात्रा 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली असून लिपुलेख (उत्तराखंड) आणि नथू ला (सिक्कीम) या खिंडींतून जाणारे तिचे दोन मार्ग आहेत. नथू लाच्या मार्गावर बहुतेक प्रवास वाहनाने होत असल्याने पायांना तो सोपा जातो.

खरी कसोटी उंचीची आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 310 मीटरवर, तर परिक्रमेतील डोल्मा ला ही खिंड सुमारे 5,600 मीटरवर आहे, आणि तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू इथल्या निम्म्याच्या आसपास असतो. फुटाळा तलावाभोवती रोज भरभर चालल्याने दम वाढेल, पण विरळ हवेची सवय शरीराला फक्त उंचावर मुक्काम करूनच होते. म्हणून झटपट वर नेऊन आणणाऱ्या सहली, विशेषतः हेलिकॉप्टरच्या, मला तुमच्यासाठी मुळीच योग्य वाटत नाहीत. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ‘डायमॉक्स’ या उंचीच्या त्रासावरील औषधाबद्दल आपल्या डॉक्टरांशीच बोला. डोके ठणकू लागले, उलट्या झाल्या किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर पुण्य अर्धवट राहील या भीतीने पुढे न जाता ताबडतोब खाली उतरावे.

परिक्रमा सुमारे 52 किलोमीटरची असते. कैलासाच्या पायथ्याच्या दारचेन गावाहून निघून पहिला मुक्काम डिराफुक येथे, दुसऱ्या दिवशी खिंड ओलांडून झुथुलफुक आणि तिसऱ्या दिवशी परत दारचेन, असा आपल्याकडील यात्रेकरूंचा क्रम आहे. कित्येक तिबेटी भाविक हीच वाट एका दिवसात चालतात, तर काही जण साष्टांग दंडवत घालत ती पूर्ण करतात. 2026 हे तिबेटी पंचांगातील अश्ववर्ष असून त्यातील एक फेरी तेरा फेऱ्यांइतकी मानली जाते, त्यामुळे गर्दी मोठी असणार. शिखरावर मात्र कोणी चढत नाही. गिर्यारोहक राइनहोल्ड मेसनर यांना 1980च्या दशकात परवानगी मिळत असूनही त्यांनी ती नाकारली, याबद्दल मला त्यांच्याविषयी विशेष आदर वाटतो.

आता तंबूविषयी. परकीयांचा प्रवास ठरलेल्या गटातून, ठरलेल्या मार्गानेच होत असल्याने तंबूत रात्र काढता येईल असे गृहीत धरू नका. परंतु दारचेनला सामानासाठी याक आणि बसायला घोडा भाड्याने मिळतो, आणि त्यांच्यासोबत येणारी माणसे बहुधा तिथल्याच माळांवरची असतात. याकच्या केसांचे त्यांचे काळे तंबू हे, आपल्या धनगरांच्या वाड्यासारखे, चाऱ्यामागे हलणारे पण पूर्ण घरच होय. दूरवरूनच हाक द्यावी, कारण राखणीचे कुत्रे अंगावर येतात. चूल त्यांना पवित्र असते, तिच्यात कागद किंवा कचरा टाकू नये. लोणी आणि मीठ घातलेला चहा वाटीत येईल. एक घोट घेतला की यजमानीण वाटी लगेच पुन्हा काठोकाठ भरते. पुरे झाले असेल तर भरलेली वाटी तशीच समोर ठेवावी आणि निघताना ती संपवावी. सोबत येणारे सातूचे पीठ, म्हणजे त्सांपा, त्याच चहात कालवून खातात. मुलांच्या हातात पैसे किंवा चॉकलेटे देऊ नयेत आणि छायाचित्र विचारूनच घ्यावे.

निघण्यापूर्वी गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीत एकदा अवश्य जाऊन या. ‘ताशी देलेक’ हे अभिवादन आणि ‘थुक्जे छे’ हे आभाराचे शब्द तिथे नीट ऐकून पाठ करता येतील. मात्र दलाई लामांचे छायाचित्र भेट म्हणून सोबत नेऊ नका. तिबेटमध्ये ते जवळ बाळगण्यास बंदी आहे आणि त्याचा त्रास तुमच्यापेक्षा ते स्वीकारणाऱ्या कुटुंबाला अधिक होईल.