वाचक विचारतात : शाळेची गाडी आणि रस्त्यावरचे आपण सारे

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून या सदराकडे शाळेच्या बस, व्हॅन आणि रिक्षांविषयी इतकी पत्रे आली आहेत की या अंकातील सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. सोलापुरातील भाग मात्र ठेवला आहे, कारण अशा प्रश्नांचे उत्तर पुष्कळदा त्या त्या रस्त्यावर अवलंबून असते.

प्रश्न : माझा मुलगा दुसरीत आहे. सकाळी व्हॅन आमच्याच बाजूला येते, पण दुपारी रस्त्याच्या पलीकडे थांबते. मी आमच्या फाटकाशी उभी राहून हाक मारते आणि तो येतो. वळून यायला फार लांब पडते, असे व्हॅनवाले काका म्हणतात. याबाबत नियम काय आहे? (एक आई, सैफुल, विजापूर रोड)

उत्तर : नियमाकडे वळण्याआधी आपल्या पत्रातील ‘मी हाक मारते आणि तो येतो’ या वाक्याविषयी लिहिणे भाग आहे. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे जाताना गाडी ज्या बाजूला थांबते त्याच्या समोरच्या बाजूला ती परतताना थांबणार, हे ओघानेच आले. मोठ्या रस्त्यालगत राहणाऱ्या मुलाला दोनपैकी एका फेरीत रस्ता ओलांडावाच लागतो. आपल्या मुलाच्या वाट्याला हे दुपारी आले आहे, म्हणजे तो दमलेला आणि भुकेला असताना, आणि त्यातही आई समोर दिसत असताना. सात वर्षांच्या मुलाला येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा अंदाज नीट येत नाही. शिवाय थांबलेल्या व्हॅनच्या पुढून किंवा मागून ते रस्त्यावर येते तेव्हा व्हॅनला ओलांडून जाणाऱ्या दुचाकीस्वाराला ते दिसत नाही आणि त्यालाही दुचाकी दिसत नाही. अशा वेळी आईची हाक त्याला रस्त्यात ओढून आणते, असे म्हणणे कठोर वाटले तरी खरे आहे.

म्हणून पहिली गोष्ट अशी की उद्यापासून आपण व्हॅन जिथे थांबते त्या बाजूला जाऊन उभे राहावे, मुलाचे मनगट धरावे (बोटे सुटतात), व्हॅन पूर्ण निघून जाऊ द्यावी आणि रस्ता दोन्हीकडे मोकळा दिसल्यावरच ओलांडावा. आपल्याला जमणार नसेल त्या दिवशी कोण येणार, हे व्हॅनवाल्या काकांना आधी सांगितलेले असावे आणि ओळखीचे माणूस आल्याखेरीज त्यांनी मुलाला उतरवू नये. व्हॅनला दोन्ही बाजूंना सरकती दारे असतील तर उजवीकडचे दार कायम कुलूपबंद आहे ना, हेही एकदा स्वतः हात लावून पाहावे.

आता नियमाचे. महाराष्ट्रात शालेय बससाठी 2011 पासून स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते. तीत पालक-शिक्षक संघाचे प्रतिनिधी असतात, तसेच वाहतूक पोलीस आणि परिवहन विभागाचे अधिकारीही असतात. मुलांना कुठे चढवायचे आणि कुठे उतरवायचे, ते थांबे ठरवणे हे या समितीचे काम आहे, एकट्या चालकाचे नव्हे. तेव्हा काकांशी रोज वाद घालण्यापेक्षा मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पुष्कळदा थांबा शे-दोनशे मीटर सरकवून सिग्नलच्या चौकाजवळ नेला किंवा दुपारी मुलांना उतरवण्याचा क्रम उलटा केला, तरी वळसा न वाढता प्रश्न सुटतो.

प्रश्न : माझा भाऊ अमेरिकेत असतो. तिकडे शाळेची बस थांबली की दोन्ही दिशांची वाहने थांबतात, असे तो सांगतो. मी रोज आसरा चौकातून दुचाकीने कामावर जातो. मीही बसमागे थांबावे का? मागचे लोक हॉर्न वाजवून हैराण करतात. (एक नोकरदार, जुळे सोलापूर)

उत्तर : आपल्या भावाचे म्हणणे बरोबर आहे. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत, बसचे लाल दिवे लुकलुकत असताना आणि ‘थांबा’ असे लिहिलेला तिच्या बाजूचा हातासारखा फलक बाहेर आलेला असताना तिला ओलांडून जाणे हा गुन्हा आहे. मध्ये दुभाजक असेल तर समोरून येणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी सवलत असते. तिथे ही सवय दिवे, दंड आणि अनेक वर्षांची शिस्त यांच्या जोरावर टिकली आहे. आपल्या रस्त्यावर एकट्याने अचानक ब्रेक दाबून मधोमध उभे राहिल्यास मागचा वाहनचालक अंगावर येण्याची भीती असते, म्हणून तिकडची पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही.

तरीही त्यामागचे तत्त्व आपल्या कायद्यात आहे. 2017 च्या मोटार वाहन चालन विनियमांनी पादचारी, सायकलस्वार, मुले आणि वृद्ध यांच्या सुरक्षिततेची विशेष काळजी घेण्याची जबाबदारी प्रत्येक चालकावर टाकली आहे. पुढचे दिसत नसताना ओव्हरटेक करण्यासही मनाई आहे, आणि थांबलेल्या बसपुढचे आपल्याला दिसत नसते, हे उघड आहे. म्हणून पिवळी बस पुढे दिसताच वेग आधीपासून कमी करत जावे, म्हणजे मागच्यालाही अंदाज येतो. मुले चढत-उतरत असतील तर दार बंद होईपर्यंत मागेच राहावे. आणि पुढे जावेच लागले तर चालण्याच्या गतीने, बसपासून अंतर ठेवून, ब्रेकवर बोटे ठेवून जावे. याचा हिशेब साधा आहे. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी एका सेकंदात सुमारे 11 मीटर जाते. मूल दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतच एक सेकंद जातो आणि त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही थांबायला आणखी नऊ-दहा मीटर लागतात. बसच्या पुढून निघालेले मूल आपल्यापासून वीस मीटरवर कधीच नसते.

आपण विचारलेले नसले तरी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण आपल्या शहरात ती सर्रास घडते. बस थांबली की काही दुचाकीस्वार उजवीकडून जाण्याऐवजी बस आणि पदपथ यांच्यातल्या फटीतून गाडी घालतात. ती फट म्हणजे नेमकी मुलांनी पाऊल टाकण्याची जागा. डावीकडून असे घुसणे नियमबाह्य आहेच, पण नियम बाजूला ठेवला तरी पायरीवरून उतरणाऱ्या पाच वर्षांच्या मुलीला तिथून दुचाकी येईल अशी कल्पनाही नसते. मागच्यांच्या हॉर्नचे म्हणाल तर तो वाजू द्यावा. शाळेभोवतीचा भाग शांतता क्षेत्र म्हणून घोषित असेल तर तिथे हॉर्न वाजवणाराच चुकीचा ठरतो.

प्रश्न : माझी नात होटगीकडून शाळेच्या बसने शहरात येते. दिवाळीनंतर त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ लागते. जीव मुठीत धरून बसावे लागते. (एक आजी, होटगी)

उत्तर : आपली भीती रास्त आहे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला आणि ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला ट्रॅक्टर हळू जातो, आणि मागून वेगाने येणाऱ्याला तो किती हळू जातो आहे हे जवळ पोचेपर्यंत कळत नाही. ट्रॉलीला मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसेल तर तेवढेही नाही. डिसेंबर-जानेवारीत सोलापुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे साडेसहाला बसची वाट पाहणारी मुले अंधारातच उभी असतात. त्यामुळे नातीच्या दप्तराला चमकणारी पट्टी शिवून घ्यावी आणि तिने रस्त्याच्या कडेला नव्हे, तर कडेपासून चार पावले आत उभे राहावे.

बसपुरते पाहायचे तर वेगनियंत्रक चालू आहे का आणि चालक ओव्हरटेकची घाई करतो का, या दोन गोष्टी विचारण्यासारख्या आहेत. दिल्लीतील शालेय बसबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली दिलेल्या आदेशात वेगनियंत्रकाची मर्यादा ताशी 40 किलोमीटर ठेवली होती आणि चालकाला जड वाहन चालवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव असावा असे म्हटले होते. चालक कसा चालवतो, याचा उत्तम साक्षीदार आपली नातच आहे. तिला सहज विचारावे; मुले अशा बाबतीत काही लपवत नाहीत. आणि हंगाम सुरू होण्यापूर्वीच, ऑक्टोबरमध्ये, गावातील पालकांनी मिळून शाळेकडे बसची वेळ दहा-पंधरा मिनिटे अलीकडे घेण्याची मागणी करावी. उशीर झालेली बसच ओव्हरटेक करते.

प्रश्न : आमच्या गल्लीतील रिक्षात दहा मुले जातात. दोघे चालकाच्या शेजारी, दप्तरे बाहेर लटकलेली. बोललो तर ‘बसची फी परवडते का?’ असे विचारतात. (एक आजोबा, पूर्व भाग)

उत्तर : आपल्याला विचारलेला प्रश्न खोटा नाही. ज्या घरात आई-वडील दोघेही सकाळी कामावर जातात आणि महिन्याचा हिशेब जेमतेम जुळतो, त्या घराला बसची फी परवडत नाही. म्हणून केवळ दंडाच्या भाषेत याचे उत्तर देणे मला पटत नाही. परंतु रिक्षाचा परवाना तीन प्रवाशांचा असतो, आणि मुले लहान म्हणून थोडी सूट धरली तरी दहाचा आकडा कोणत्याच हिशेबात बसत नाही. चालकाच्या शेजारी बसलेले मूल हँडल वळवण्याच्या आड येते, आणि रिक्षा कलंडली तर सर्वांत आधी तेच बाहेर फेकले जाते. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक जादा प्रवाशामागे 200 रुपये दंड आहे, शिवाय जादा प्रवासी उतरवून त्यांची दुसरी सोय होईपर्यंत वाहन पुढे जाऊ न देण्याची तरतूद आहे.

मधला मार्ग आहे, पण तो पालकांनी एकत्र बसून काढावा लागतो. गल्लीतील मुलांच्या शाळांच्या वेळा पाहून त्याच चालकाला कमी मुलांच्या दोन फेऱ्या मारता येतील का, आणि त्याबद्दल प्रत्येकाने थोडे अधिक द्यावे का, हे ठरवता येते. चालकालाही दहा मुले कोंबायची हौस नसते. त्याचे महिन्याचे गणित तेवढ्यानेच सुटते, म्हणून तो कोंबतो. तेवढेही शक्य नसेल तर किमान दोन अटी उद्यापासून घालाव्यात: चालकाच्या शेजारी कोणीही बसणार नाही आणि उजव्या बाजूला आडवा दांडा लावलेला असेल.

प्रश्न : पांढऱ्या नंबरप्लेटच्या व्हॅनमधून मुले नेणे चालते का? (एक पालक, बाळीवेस)

उत्तर : पैसे घेऊन नेत असतील तर चालत नाही. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या वाहनाची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. पांढऱ्या पाटीच्या खासगी व्हॅनचा अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाईसाठी हात वर करू शकते, आणि पालकांना हे अपघातानंतरच कळते. सरकारच्या एम-परिवहन ॲपवर एमएच 13 पासून पुढचा पूर्ण क्रमांक टाकला की नोंदणीचा प्रकार, विमा आणि योग्यता (फिटनेस) प्रमाणपत्राची मुदत दिसते. आठ वर्षांपर्यंतच्या व्यावसायिक वाहनाला दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी हे प्रमाणपत्र घ्यावे लागते. व्हॅन गॅसवर चालत असेल तर गॅसकिटची नोंद आरसी बुकात आहे का ते पाहावे, आणि घरगुती सिलिंडरमधून गॅस भरताना कोणी दिसल्यास त्या व्हॅनमध्ये मूल एक दिवसही पाठवू नये.

प्रश्न : मी स्वतः शाळेची व्हॅन चालवतो. सगळे आम्हालाच बोलतात. पालक मुलांना वेळेवर खाली आणत नाहीत, उशीर झाला की शाळा आत घेत नाही, आणि वाटेत ‘कुठे आलात?’ म्हणून फोनवर फोन येतात. आम्ही करायचे काय? (एक व्हॅनचालक, अक्कलकोट रोड)

उत्तर : आपले पत्र आले याचा विशेष आनंद झाला, कारण या विषयावरची बहुतेक पत्रे चालकाविषयी असतात, चालकाचे क्वचितच असते. आपली तक्रार रास्त आहे. एका दारात तीन मिनिटे गेली की पुढच्या सहा दारांत ती वाढत जातात आणि शेवटी वेगातून भरून काढली जातात. त्या वेगाची सुरुवात पहिल्या दारात बूट शोधण्यापासून झालेली असते. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी सांगून टाकावे की व्हॅन दोन मिनिटे थांबेल आणि निघेल. पहिल्या आठवड्यात एक-दोन पालक चिडतील, नंतर मुले खाली उभी दिसतील. शाळेनेही व्हॅनच्या मुलांना दहा मिनिटांची सवलत द्यायला हरकत नसावी, आणि ही मागणी परिवहन समितीत चालकांच्या बाजूने मांडली गेली पाहिजे.

फोनबाबत पालकांना येथे स्पष्ट सांगतो. गाडी चालवताना हातात फोन धरणे कायद्याने धोकादायक वाहन चालवण्यात मोडते, आणि आपले मूल ज्या गाडीत आहे त्याच गाडीच्या चालकाला आपण फोन करून विचलित करतो, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. गाडीत मुलांना सांभाळणाऱ्या ताई असतील तर निरोप त्यांनी द्यावा. नसतील तर फोन घरी पोचेपर्यंत वाजत राहिला तरी चालकाने तो उचलू नये.

आपल्याकडूनही दोन अपेक्षा आहेत. मुले उतरल्यावर गाडी मागे घेऊ नये; मागे घ्यावीच लागली तर खाली उतरून मागे पाहिल्याशिवाय नाही. आणि शेवटचे मूल उतरले असे वाटले तरी गाडी बंद करताना प्रत्येक वेळी मागच्या सीटपर्यंत स्वतः जाऊन पाहावे. सोलापूरचा एप्रिल आपल्याला सांगायला नको. सकाळची शाळा सुटून साडेअकराच्या उन्हात मूल सीटखाली झोपी गेले आणि काचा बंद करून गाडी उभी केली, तर आतील हवा काही मिनिटांत असह्य तापते.

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलीला स्कूटरवरून बालवाडीत सोडतो. तिलाही हेल्मेट लागते का? (एक वडील, शेळगी)

उत्तर : लागते. फेब्रुवारी 2023 पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार चार वर्षांखालील मुलाला हेल्मेट आणि चालकाच्या अंगाशी बांधणारा सुरक्षापट्टा हवा, आणि स्कूटरचा वेग ताशी 40 किलोमीटरपेक्षा जास्त नसावा. मोठ्यांचे हेल्मेट तिच्या डोक्यावर ठेवू नका. ते डोळ्यांवर घसरते. तिच्या मापाचे घ्या, आणि पुढे फूटबोर्डवर उभे करण्याऐवजी पट्ट्याने स्वतःच्या पाठीशी बांधून मागे बसवा.